घसरगुंडीखालची जमीन

द्वारके, शुक्रवारी तुझ्या दहाव्याला मी दोन शब्द बोलले. तुझ्या भावानंच आग्रह केला. "हेडबाई, तुमी तिच्या लई जवळच्या. बोला काहीतरी." मग काय, एवढी वर्षं प्रार्थनेनंतर भाषणं ठोकायची सवय. उभी राहिले आणि म्हणलं, कर्तव्यदक्ष शिक्षिका, शिस्तीच्या भोक्त्या, विद्यार्थ्यांवर मायेची पाखर घालणाऱ्या. समोरच्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. मला मात्र माझीच शिसारी आली. कर्तव्यदक्ष म्हणे! तुझ्या नावापुढं 'कर्तव्यात कसूर' हे शब्द कागदावर चढले ते माझ्या सहीनं, आणि तुझ्या माणसांपैकी एकालाही हे ठाऊक नाही. चहा झाल्यावर तुझी भावजय मला एसटीपर्यंत सोडायला आली. खुलताबाद येईपर्यंत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. तिथून पुढं गाडीत गर्दी झाली.

आता ऐक. तू असतीस तर "रेखे, भाषण नको, मुद्द्याचं बोल" म्हणून मध्येच तोडलं असतंस. तोडायला तू नाहीस, म्हणून तरी माझं सगळं बोलून होईल.

डी.एड.च्या होस्टेलवर आपण एका खोलीत होतो. तू मेंढरं राखणाऱ्याची पोर, अंगावर घ्यायला बापाची घोंगडी घेऊन आलेली. बाकीच्या पोरी नाकाला रुमाल लावायच्या. मी लावला नाही, कारण माझ्याकडं धड पांघरूण नव्हतं आणि थंडी मरणाची होती. त्या घोंगडीखाली आपण दोन हिवाळे काढले. तू त्याला माझा मोठेपणा समजलीस आणि जन्मभर त्याची जाण ठेवलीस. अगं, मी तेव्हाही माझंच बघत होते. तुला कुणी सांगितलं नाही, आणि मी कशाला सांगते!

पुढं दोघी एकाच संस्थेत लागलो, पैठण रोडवर, चितेगावच्या अलीकडच्या शाळेत. मी मराठी शिकवता शिकवता हेडबाई झाले, तू खेळाची बाई ती खेळाचीच बाई राहिलीस. तुझा तो सोमवारचा कार्यक्रम! घसरगुंडी आणि झोके होते तिथं तू हातभर खोल वाळू भरून घेतली होतीस. दर सोमवारी प्रार्थनेच्या आधी पदर खोचून ती कुदळीनं खणायचीस. वाळू पायाखाली आवळते, वरून मऊ दिसते आणि आतून दगड होते, हे तुझं पालुपद. मग फावड्यानं सारखी करायचीस, काचा नि खिळे वेचायचीस, मांजरांनी केलेली घाण नाक मुरडत उचलायचीस. शेवटी चप्पल काढून टाच मारून बघायचीस. टाच रुतली तर ठीक, नाही रुतली तर पुन्हा कुदळ. मी ऑफिसच्या खिडकीतून ओरडायचे, "द्वारका, ज्वारी कधी पेरणार?" तू मान वर न करता म्हणायचीस, "तू खत आण, मंग पेरते." पोरं फिदीफिदी हसायची. त्या वाळूत पोरं रोज पडायची, उठायची, चड्डी झटकायची आणि पुन्हा शिडीला लटकायची.

एकदा मी खरंच विचारलं होतं, एवढा जीव कशाला काढतेस म्हणून. तू म्हणलीस, "माझा बाप मेंढरं बसवायच्या आधी रानात अनवाणी फिरायचा. पायाला ढेकूळ टोचलं की जागा बदलायचा. मेंढीला मऊ जागा हुडकतो माणूस. इथं तर माणसांची लेकरं हायेत." मी मान डोलावली आणि हजेरीपट काढून बसले. माझ्या डोक्यात तुझं बोलणं म्हणजे खेडवळ बाईचा नाद, एवढंच होतं. माझं शिक्षण तुझ्याएवढंच, पण माझी खुर्ची मोठी ना!

मग शेजारच्या एका कंपनीनं संस्थेला कळवलं की शाळेचं मैदान करून देतो. अध्यक्षसाहेब हरखून गेले. रबराच्या फरशा बसवणारा माणूस शहरातून नमुने घेऊन आला आणि आपल्या स्टाफरूममधल्या टेबलावर दोन तुकडे मांडले. एक पातळ, निळा-पिवळा, त्यावर फुलं आणि अंक. दुसरा विटेएवढा जाड, काळाकुट्ट, टायरसारखा वास मारणारा. तो माणूस पातळ तुकडा पुढं सरकवत म्हणाला, "अंगूठा दबाके देखो मॅडम. मखमल है मखमल. टेन्शन नक्को लो." अध्यक्षांनी अंगठा दाबला. सचिवांनी दाबला. मीही दाबला. "मऊ हाय की!" सगळे म्हणाले.

तू मागं उभी होतीस. पुढं आलीस आणि म्हणलीस, "साहेब, अंगठ्यानं काय कळतंय? लेकरू काय अंगठ्यावर पडतंय? ह्याच्या खाली काय हाय ते विचारा." तो म्हणाला, काँक्रीट, एकदम पक्कं. "घसरगुंडीचं टोक माझ्या डोक्याच्या वर हाय. तिथनं लेकरू ह्याच्यावर पडलं तर चालंल, असं लिहून देता का?" तो हसला. "अबतक किसीने पूछाच नै, मॅडम."

तुझं म्हणणं सरळ होतं, आज मला शब्द न् शब्द आठवतो. जाड काळं रबर फक्त झोके आणि घसरगुंडीखाली टाका, बाकी अंगण मातीचं राहू द्या. नाहीतर काहीच करू नका, माझी वाळू बरी आहे. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे फोटोत निम्मं काळं आणि निम्मी माती?" आणि मग माझ्याकडं वळून, "हेडबाई, शाळा तुमची, तुम्ही ठरवा." रस्त्याच्या पलीकडच्या इंग्रजी शाळेचं अंगण रंगीत होतं. आपली पोरं गळून तिकडं चालली होती. मी पातळ, निळं-पिवळं रबर सांगितलं, फाटकापासून भिंतीपर्यंत. तू दारातून बाहेर पडताना म्हणलीस, "वरून कीर्तन, आतून तमाशा." मी ऐकलं. मला ऐकू जावं म्हणूनच बोलली होतीस.

उद्घाटनाचा दिवस आठवतो? मला तर तो आठवला की तोंड लपवावंसं वाटतं. फीत कापून झाली, आता नारळ फोडायचा तर दगड कुठाय? अंगणातले दगडधोंडे आपणच आदल्या दिवशी वेचून फेकलेले. शिपाईमामा इकडंतिकडं पळायला लागले. पाहुणे म्हणाले, "असू द्या, असू द्या," आणि घसरगुंडीच्या शिडीपाशी, त्या पिवळ्या फुलावरच त्यांनी नारळ आपटला. एका फटक्यात दोन भकलं! टाळ्यांचा नुसता कडकडाट. अध्यक्ष म्हणाले, "एका दणक्यात फुटला, शुभ झालं."

तू टाळी वाजवली नाहीस. खाली बसून तिथं हात फिरवलास आणि माझ्या कानाशी येऊन म्हणलीस, "रेखे, ह्यो फुटायला नको व्हता."

"अगं, चांगल्या कामात असं अभद्र काय बोलतेस!"

"शकुन-अपशकुन नाय म्हणत मी. मऊ जागेवर नारळ फुटतो व्हय कधी? वाळूत आपटून बघ."

मी तुझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि पाहुण्यांना चहाला घेऊन गेले. एवढी शिकलीसवरलेली माणसं तिथं उभी होती. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नारळ फुटला आणि सगळ्यांनी शुभ म्हणून प्रसाद खाल्ला. मीही खाल्ला.

उन्हाळ्यात ते रबर असं तापायचं की पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायची. तू नळी घेऊन पाणी मारत फिरायचीस. मी म्हणायचे, पाणी जपून वापर. मग एके सकाळी येऊन बघते तर घसरगुंडीच्या शिडीला काथ्याचा दोर आडवाउभा बांधलेला, आणि गाठी अशा की कुणाच्या बापाला सुटू नयेत. शनिवारी पालक मेळावा होता, अध्यक्ष यायचे होते. मी तुला ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"एवढं रंगीत मैदान केलं आणि घसरगुंडी बांधून ठेवली, साहेब मला काय म्हणतील?"

"आन लेकरू पडलं तर तुला कोण काय म्हणंल, त्याचा इचार केला का?"

"मग तू हजर राहा ना तिथं! पगार कशाचा घेतेस?"

"मी हजर असले म्हणून जमीन मऊ होती व्हय गं?"

तोंडी हरली की हेडबाई काय करते? लेखी काढते. सूचना वहीत मी लिहिलं, 'क्रीडाशिक्षिकेने घसरगुंडी तत्काळ सुरू करावी.' खाली शिक्षकानं 'वाचले' म्हणून सही करायची, एवढाच रिवाज. तू सही केलीस आणि वर दोन ओळी लिहिल्यास. 'खालची जागा कठीण आहे. लेकरू पडले तर इजा होईल. आदेश आहे म्हणून दोर सोडते.' मी वाचून वही मिटली. तुझ्या मराठीतला 'लेकरू' हा शब्द सरकारी वहीत शोभत नाही, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

पुढच्याच आठवड्यात तिसरीतली पूजा शिडीच्या वरच्या पायरीवरून पडली. मागच्या पोरांची ढकलाढकली, दुसरं काही नाही. तू चार पावलांवर होतीस, झोक्यावरच्या एकाला उतरवत होतीस. धावलीस, पण पोचायच्या आत ती खाली होती. आवाज मला ऑफिसात ऐकू आला. तिच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. तू तिला छातीशी धरून रिक्षात बसलीस, एक चप्पल शाळेतच राहिली. कवटीला चीर होती, ती भरली. कान गेला तो गेलाच.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी सूचना वही उघडली आणि ते पान काढलं. शिवलेल्या वहीतलं एक पान फाडलं की त्याचं जोडपान सुटं होऊन लोंबतं, मग ते कुणाच्याही लक्षात येतं. म्हणून मी तेही काढलं. किती हुशारी बघ. पोरगी दवाखान्यात, आणि माझं डोकं असं स्वच्छ चालत होतं.

संस्थेच्या चौकशीत तू म्हणलीस, "सूचना वही मागवा, त्याच्यात सगळं लिवलंय." वही आली. तू पानं उलटलीस. पुन्हा मागं गेलीस, पुन्हा पुढं आलीस. मग माझ्याकडं बघितलंस. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. तू वही मिटलीस आणि म्हणलीस, "नाय. माझ्याच ध्यानात घोळ झाला असंल." त्यांनी मला विचारलं, हेडबाई, असा काही आदेश दिला होता? मी म्हणलं, नाही. मग तो कागद तयार झाला, कर्तव्यात कसूर, आणि मी त्यावर सही केली. तुला शहरातल्या संस्थेच्या कार्यालयात पाठवलं, आलेल्या टपालावर शिक्के मारायला. ज्या बाईला पाच मिनिटं खुर्चीत बसवत नव्हतं, ती पाच वर्षं टेबलाला जखडून राहिली. आणि शाळेनं काय केलं? घसरगुंडी उपटून काढली. रबर तसंच आहे. वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर दरवर्षी त्याचाच फोटो असतो.

आता माझं भांडण ऐक. तू गप्प का बसलीस? मेले, तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का? चोर म्हणायचंस मला सगळ्यांसमोर. मी आणखी खोटं बोलले असते, हे खरं. रेटून बोलले असते. पण आपण दोघी भांडलो तरी असतो. तू मला भांडणसुद्धा दिलं नाहीस. लग्नाकार्यात भेटायचो तेव्हा तू एवढंच विचारायचीस, "पूजा शाळेत येती का गं?" मी म्हणायचे, येते. आणि तू साडीची विचारपूस करायचीस. मला तुझा राग यायचा, खोटं कशाला सांगू. तू समोर आलीस की मी उगाच पदर सारखा करत राहायचे आणि तू गेलीस की सुटल्यासारखं वाटायचं. तू वारलीस असा फोन आला ना, तेव्हाही पहिल्या क्षणाला तसंच वाटलं. वाटलं ते वाटलं. रडू नंतर आलं, आणि आलं ते थांबेना.

आणि तरी तुझ्यासारखं मला कुणी सांभाळलं नाही. आमचे हे दवाखान्यात होते तेव्हा पंधरा दिवस तू माझ्या घरात राहिलीस, माझ्या पोरांना भाकरी करून घातल्यास, धाकट्याला उड्या मारायला शिकवलंस. "गुडघे वाकव, मंग पड. पडायचं बी शिकावं लागतं," असं त्याला सांगायचीस. तो आता तिशीला आलाय. तू गेलीस हे सांगितलं तर फोनवर त्यानं तुझं तेच वाक्य म्हणून दाखवलं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते पान कपाटातून काढलं. हो, जपून ठेवलं होतं. का, ते मला विचारू नकोस. घेऊन अध्यक्षांकडं गेले. म्हणलं, साहेब, द्वारकाबाईंच्या नावावरचा डाग पुसायचाय, हे घ्या. त्यांनी पान वाचलं, घडी घातली आणि माझ्याच हातात परत दिलं. "हेडबाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या गेल्या, विषय संपला. आता शाळेची अब्रू कशाला काढता? तुमचंही वर्षच राहिलंय." मी म्हणलं, मी लेखी देणार. ते म्हणाले, द्या, आणि फोनवर बोलायला लागले. मी लेखी दिलं. आवक शिक्का मारून घेतला. तुझ्या टेबलावर आता दुसरी बाई बसते, तिनं न वाचताच मारला.

मग काल रविवारी चितेगावला पूजाच्या घरी गेले. ती आता आठवीत आहे, उंच झालीय. तिच्या आईनं मला खुर्ची दिली. पूजा माझ्या शेजारी कॉटवर बसली. मी पान दाखवलं आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. रबर मी निवडलं, द्वारकाबाईंनी शिडी बांधली होती, मी सोडायला लावली, मग पान फाडलं, मग खोटं बोलले, आणि आता त्या राहिल्या नाहीत. माझं बोलून झालं तशी पोरगी म्हणाली, "बाई, इकडून सांगा ना. त्या कानानं ऐकू येत नाही." मी तिच्या डाव्या अंगाला बसले होते. उठून उजवीकडं गेले आणि सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं फार जड गेलं, द्वारके.

तिची आई चुलीकडं पाठ करून उभी होती. मग म्हणाली, "त्या बाई दर ऐतवारी यायच्या."

मला माहीतच नव्हतं.

"पाच वर्सं. पोरीला बघू द्या, एवढंच म्हणायच्या. म्या एकदा बी उंबऱ्याच्या आत घेतलं नाय. पाणी बी नाय इचारलं. एकदा तर लई बोलले. तुमाला सोताचं लेकरू असतं म्हंजे कळलं असतं, म्हणलं. मान खाली घालून ऐकून घेतलं त्यांनी. आन फुडच्या ऐतवारी पुन्हा आल्या."

तिनं पदरानं हात पुसले, पान माझ्या हातातून घेतलं आणि तुझ्या त्या दोन ओळींवरून बोट फिरवलं.

"त्या दारात उभ्या असायच्या, तवा ह्यो कागद तुमच्याजवळ व्हता?"

"होता."

"मंग आता मी कुणाच्या पाया पडू, बाई?"